अल्मोड्यात सहा महिने राहायचं असेल, तर ते शहर नेमकं कसं आहे?

तुम्ही लिहिलंय की घरून काम करता येतं म्हणून ऑक्टोबरपासून सहा महिने उत्तराखंडातल्या कुमाऊं भागात, अल्मोड्यात भाड्याने राहायचं आहे, सोबत सत्तरीची आई असेल, आणि गाव साधारण नैनीतालसारखंच असेल असं धरून तुम्ही बर्फाचे डोंगर खिडकीतून दिसतील असं घर शोधताय. मी तिथे चार वर्षं राहिले. नवऱ्याची नोकरी तिकडे होती. मी मूळची संगमेश्वर तालुक्यातली, त्यामुळे डोंगर, पायऱ्या, पाऊस यांची सवय होती. तरीही पहिलं घर चुकीचं घेतलं. का चुकलं ते नीट सांगते, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे.

आधी नैनीतालबद्दल. नैनीतालची वस्ती 1841 नंतर इंग्रजांनी उभी केली, राणीखेतही त्यांच्या पलटणींसाठी वसलं. ही गावं उन्हाळ्यात थंडाव्याला येणाऱ्यांसाठी बांधलेली आहेत. अल्मोडा तसं नाही. सोळाव्या शतकात, 1560 च्या दशकात, कुमाऊंवर राज्य करणाऱ्या चंद घराण्याच्या कल्याण चंद राजाने आपली राजधानी चंपावतहून इथे हलवली. 1790 मध्ये नेपाळच्या गोरख्यांनी ते जिंकलं, 1815 मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेलं. म्हणजे इंग्रज आले तेव्हा इथे अडीचशे वर्षांचा बाजार, देवळं, कारागिरांचे मोहल्ले, शास्त्री, वैद्य सगळं होतं. आजही हे शहर पाहुण्यांच्या सोयीने चालत नाही. दुकानदार तुमच्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघण्याआधी ‘तुम्ही कोणाकडे उतरलात’ असं विचारतो. मला हे फार आवडलं, पण ज्यांना तलाव, नौका आणि रोषणाई हवी असते ते दोन दिवसांत कंटाळून खाली उतरतात.

आता शहराची ठेवण. उंची साधारण 1600 मीटर. कौलारू घराचं आढं डोळ्यासमोर आणा. आढ्यावरून लांबच लांब बाजार जातो: लाला बाजार, कारखाना बाजार, थाना बाजार असे एकाला एक जोडलेले तुकडे, पायाखाली पटाल म्हणजे दगडी लाद्या. दोन्ही पाखांवर घरं उतरत गेलेली. एका पाखाखाली कोसी नदी, दुसऱ्या पाखाखाली सुयाल, आणि खाली क्वारबला दोघींचा संगम. गाड्यांचा माल रोड नंतरचा, तो आढ्याच्या खालून कडेकडेने गेलाय. म्हणून अल्मोड्यात पत्ता सांगताना डावं-उजवं कमी आणि वर-खाली जास्त असतं. ‘पन्नास पायऱ्या खाली, मग देवदाराखालून वर’ असा पत्ता मिळाला की घाबरायचं नाही.

दोन नद्या आहेत, पण दोन्ही खोल दरीत. माणसं राहतात आढ्यावर. मग राजधानी इथे आली तेव्हा लोक पाणी कुठून भरत? या कड्यातल्या झऱ्यांतून. अल्मोड्यात एके काळी 360 नौले होते असं तिथे सगळे सांगतात. आकडा परंपरेचा आहे, पण मोहल्ल्यांची नावं बघा: धारानौला, चंपानौला, रानीधारा, पोखरखाली. सगळी पाण्याची. धारा म्हणजे दगडी तोटीतून पडणारं पाणी, पोखर म्हणजे तळं. नौला म्हणजे जमिनीतून पाझरणारं पाणी साठवायची दगडी कुंडी, वर रुंद, खाली पायरी-पायरीने अरुंद होत जाणारी. दगड चुन्याशिवाय रचलेले असतात, कारण त्यांच्या सांध्यांतूनच पाणी आत यायचं असतं. वर देवळासारखं छोटं छप्पर, आत बहुधा शेषशायी विष्णू. लग्न होऊन आलेली सून आधी नौल्याची पूजा करते. आमच्याकडे बाळंतीण विहीर पुजते, तेच मला तिथे आठवायचं.

आज बहुतेक नौले आटले आहेत किंवा त्यांचं पाणी पिण्याजोगं राहिलेलं नाही. वरच्या अंगाला घरं झाली, सांडपाणी मुरलं, जंगल बदललं. शहराला पाणी येतं ते खाली कोसीतून पंपाने उचलून. आणि इथली कोसी हिमनदीतून निघालेली नाही. ती कौसानीच्या बाजूच्या डोंगरांतल्या झऱ्यांवर आणि पावसावर वाहते. हिमालयात आहे म्हणून बर्फाचं पाणी असेल, हा समज मीही घेऊन गेले होते. पाऊस अल्मोड्यात नैनीतालपेक्षा खूप कमी, कारण दक्षिणेच्या उंच रांगा तो आधीच अडवतात. तेव्हा मे-जूनमध्ये नदी रोडावते आणि नळ ठरावीक वेळी, कधी एक दिवसाआड.

माझं पहिलं घर आढ्यावर बरंच उंच होतं. खिडकीतून त्रिशूळ आणि नंदादेवी दिसायची, दोन्ही सात हजार मीटरच्या वरची. पहिले आठ दिवस मी चहा घेऊन तिथेच उभी असायचे. मग कळलं की दाब कमी असला की नळाचं पाणी त्या उंचीपर्यंत पोचतच नाही. टाकी पाचशे लिटरची, तीही दुसऱ्या भाडेकरूबरोबर वाटून. शिवाय घराला घाम नव्हता. घाम म्हणजे त्यांच्या भाषेत ऊन. उत्तरेला तोंड असलेल्या घरातून बर्फ दिसतो, पण डिसेंबर-जानेवारीत त्या घरात ऊन येत नाही. भिंती दिवसभर गार, कपडे वाळत नाहीत, रात्री तापमान शून्याजवळ. शहरात बर्फ क्वचितच पडतो, पण घराच्या आत जो गारठा बसतो तो बर्फापेक्षा वाईट. अकरा महिन्यांनी आम्ही दुसऱ्या पाखावर, दक्षिणेला तोंड असलेल्या, बाजारापासून चाळीस पायऱ्या खाली असलेल्या घरात गेलो. तिथून समोर फक्त शेतं आणि चिडाचं म्हणजे पाइनचं जंगल दिसायचं. तिथेच मी खऱ्या अर्थाने अल्मोड्यात राहायला लागले.

कारण हिवाळ्यात अल्मोड्याचा दिवस उन्हात चालतो. ‘घाम तापना’ हे तिथे कामाइतकंच गंभीर. दहा वाजले की गच्चीवर, अंगणात, पायऱ्यांवर बायका स्वेटर विणायला, पालक निवडायला, बाळाला तेल लावायला बसतात. दुपारी कोणीतरी मोठं पहाडी लिंबू सोलतं, पपनसासारखं. त्याच्या फोडी, मुळा, दही, गूळ आणि भाजून वाटलेल्या भांगेच्या बिया, सगळं परातीत हाताने कालवायचं. याला निंबू सानना म्हणतात. भांगेच्या बियांनी नशा येत नाही, चिंता नको. त्यांना तिळासारखी खमंग चव असते. तुमच्या आईंसाठी मला सगळ्यात जास्त हेच सुचवावंसं वाटतं. भाषा कळो न कळो, त्या परातीभोवती बसलं की आठ दिवसांत त्यांच्या ओळखी होतील. माझ्या शेजारच्या आमांनी (आमा म्हणजे आजी) मला पहिल्याच दिवशी हात धुऊन कालवायला बसवलं होतं.

खाणंपिणं तुम्हाला परकं वाटणार नाही. गहत म्हणजे आपला कुळीथ. मुतखड्यावर औषध म्हणून तोही तिथे तसाच दिला जातो. मडुवा म्हणजे नाचणी, त्याची भाकरीसारखी रोटी तूप-गुळाबरोबर. काळ्या सोयाबीनला भट्ट म्हणतात. लोखंडी कढईत त्याची चुडकाणी करतात आणि ती भाताबरोबर खातात. फोडणीला जंबू नावाची वाळलेली पात असते, उंच डोंगरांतून येते, कांदा-लसणीच्या मधला वास. काकडीच्या रायत्यात मोहरी वाटून घालतात, ती थेट नाकात जाते. मिठाईत बालमिठाई सगळ्यांना ठाऊक असते: खवा तपकिरी होईपर्यंत भाजून वर साखरेचे पांढरे दाणे. मला मात्र सिंगौडी जास्त आवडायची. ताजा खवा मालूच्या पानाच्या कोनात भरून ठेवतात आणि त्या पानाचा वास खव्यात उतरतो.

भाषा कुमाऊंनी, पण शहरात हिंदीच जास्त ऐकू येते, पहाडी वळणाची. वाक्याच्या शेवटी ‘ठैरा’ येतो. आणखी एक शब्द आहे ‘बल’, तो अगदी आपला ‘म्हणे’. ‘कल पानी नहीं आएगा बल’ म्हणजे उद्या पाणी नाही म्हणे. हे वाक्य तुम्ही पहिल्याच आठवड्यात ऐकाल. मोठ्या भावाला दाज्यू म्हणतात, दुकानदाराला, टॅक्सीवाल्यालाही तेच. आईला इजा. आपल्या कानाला तो शब्द सुरुवातीला दचकवतो. एका पोराला ‘इजाss’ अशी हाक मारताना ऐकून मी धावत बाहेर आले होते, त्याला लागलं असं वाटून.

मराठी म्हटल्यावर तुम्हाला एक गोष्ट नक्की ऐकायला मिळेल. कुमाऊंचे पंत स्वतःला मूळचे कोकणातले मानतात. काही शतकांपूर्वी त्यांचे पूर्वज तिकडून आले अशी त्यांची परंपरा आहे. उत्तर प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत अल्मोड्याजवळच्या खूंट गावचे, 1887 चा जन्म. पाकिस्तानचे पहिले पंतप्रधान लियाकत अली खान यांच्या पत्नी राणा या जन्माने आयरीन पंत, तेही अल्मोड्याचंच घर, फक्त ख्रिस्ती झालेलं. आमच्या घरमालकांचे स्नेही असलेले एक वयस्क पंत मला दर वेळी विचारायचे, ‘कोंकण में अब भी आम होता है ना?’ मी एका मे महिन्यात त्यांच्यासाठी गावाहून हापूसची पेटी आणली. त्यांनी आधी एक आंबा देवापुढे ठेवला आणि पूर्वजांचं नाव घेतलं.

देवांच्या बाबतीत तर मला कोकण पावलोपावली भेटलं. शहरापासून आठेक किलोमीटरवर चितईला गोलू देवतेचं देऊळ आहे. हा न्यायाचा देव. लोक कागदावर, कित्येकदा कोर्टाच्या स्टॅम्प पेपरवर, आपली तक्रार लिहून तिथे टांगतात: जमिनीचा वाद, अडलेली नोकरी, सासरचा जाच. काम झालं की घंटा बांधतात. लहान-मोठ्या घंटांनी सगळं आवार भरून गेलंय. गावदेवीपुढे गुरव गाऱ्हाणं घालतो ते ज्यांनी ऐकलंय, त्यांना चितई समजावून सांगावं लागत नाही. ते कागद मात्र वाचत फिरू नका. काही प्रवासी त्यांचे फोटो काढतात, ते मला बघवायचं नाही. ती कोणाची तरी रडून लिहिलेली चिठ्ठी असते.

आणि नंदादेवी. ती डोंगर आहे, देवी आहे, पण सगळ्यात आधी ती इथली लेक आहे, सासरी कैलासाला गेलेली. भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या आसपास तिची जत्रा भरते. आपल्याकडे गौरी येतात त्याच दिवसांत! केळीच्या झाडाला आदल्या दिवशी जाऊन आमंत्रण द्यायचं, दुसऱ्या दिवशी ते वाजतगाजत आणायचं आणि त्याच्या खोडातून नंदा-सुनंदाच्या मूर्ती घडवायच्या. शेवटच्या दिवशी डोला म्हणजे पालखी निघते, तेव्हा बायका माहेरवाशिणीला निरोप देताना रडतात तशाच रडतात. पहिल्या वर्षी गौरीसाठी घरी जाता आलं नाही म्हणून मी खट्टू होते. त्या गर्दीत उभी राहिले आणि माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. तुम्ही ऑक्टोबरात पोचणार म्हणजे हे हुकेल, पण दसरा बहुधा मिळेल. इथे एकटा रावण नसतो. वेगवेगळे मोहल्ले मेघनाद, कुंभकर्ण, ताडका असे पुतळे महिनाभर राबून बनवतात आणि सगळे एकापाठोपाठ बाजारातून मिरवत नेतात. त्याआधीची रामलीलाही गाण्यातली, रागांवर बांधलेली.

आईंना शास्त्रीय संगीताची आवड असेल तर पौषातल्या पहिल्या रविवारपासून बैठकी होळी सुरू होते. हो, होळीच्या कितीतरी आधी. घरोघर, पेटी-तबल्यावर, आधी भक्तिपर पदं, वसंत पंचमीनंतर शृंगाराची, काफी, खमाज, पिलू अशा रागांत. गाणारे व्यावसायिक नसतात. शिक्षक, कारकून, दुकानदार असतात. ऐकणाराही मध्येच सूर लावतो, त्याला भाग लगाना म्हणतात. गूळ आणि आलू के गुटके म्हणजे मसाला लावून परतलेल्या बटाट्याच्या फोडी फिरत असतात. कडाक्याच्या थंडीत बंद खोलीत रात्री अकराला ऐकलेली ती पदं माझ्यासाठी अल्मोड्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. बोलावल्याशिवाय कसं जायचं म्हणून मी पहिला हिवाळा वाया घालवला. तसं करू नका. बाजारात विचारा, जा, चपला काढून मागे बसा.

शहराजवळच्या कसार देवीबद्दल तुम्ही वाचलं असेलच. तिथे विवेकानंद ध्यानाला बसले होते, पुढे परदेशी साधक, चित्रकार, हिप्पी येऊन राहिले. जागा शांत आहे, देवदार सुंदर आहेत. पण ‘व्हॅन अॅलन पट्ट्यावर वसलेलं गाव’ वगैरे जे सगळीकडे लिहिलेलं असतं, त्याच्या भरवशावर तिथे महागडं घर घेऊ नका. ते पट्टे म्हणजे पृथ्वीभोवती अडकलेल्या भारित कणांची कडी, ती जमिनीपासून शेकडो-हजारो किलोमीटर वर असतात. एखादं गाव त्यांच्यावर वसू शकत नाही. शिवाय तिथे राहिलात तर तुमच्याभोवती कॅफे असतील, अल्मोडा नसेल.

आता जे बघून मला वाईट वाटायचं ते. 2001 ते 2011 च्या जनगणनेत अल्मोडा जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचीही घटली. 2011 मध्ये अल्मोडा जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1139 बायका होत्या, कारण पुरुष दिल्लीत, हल्द्वानीत, फौजेत. मनीऑर्डरवर चालणारी घरं हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, तोच तिथे जसाच्या तसा ऐकला. शहराबाहेर गेलात की गावंच्या गावं दिसतील, दगडी घरं, खाली गुरांचा गोठ, वर राहायची जागा, दारांवर नाजूक लिखाई म्हणजे लाकडाचं कोरीव काम, आणि कुलूप. शेती का सोडली विचारलं तर उत्तर एकच: माकडं आणि रानडुकरं. माझा काका गावी हेच सांगतो.

माणसं गेली की जंगलाकडेही कोणी बघत नाही. बांज म्हणजे इथला ओक, त्याच्या पालापाचोळ्याखाली जमीन ओली राहते, तिथेच झरे टिकतात असं गावच्या बायका सांगतात. चिडाच्या वाळलेल्या सुया, पिरूल, यांचा मात्र उन्हाळ्यात नुसता दारूगोळा होतो. जून 2024 मध्ये अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या वनकर्मचाऱ्यांचे जीव गेले. ती बातमी वाचली तेव्हा मी पुण्यात होते, पण ते वळण, तो उतार डोळ्यासमोर आला. याच जिल्ह्यात शीतलाखेत भागातल्या गावांनी एक साधा उपाय धरलाय. शेताच्या बांधावरची झुडपं कापून जाळायची (त्याला ओण म्हणतात) ती मार्चअखेरच जाळून टाकायची, म्हणजे पुढच्या कोरड्या वाऱ्यात ती आग रानात जात नाही. 1 एप्रिलला ते ओण दिवस पाळतात. तुमचे सहा महिने तेव्हाच संपतायत. जमलं तर दोन दिवस जास्त राहून तिकडे जाऊन या.

प्रवासाचं थोडक्यात. रेल्वे काठगोदामपर्यंत, पुढे नव्वदेक किलोमीटर शेअर टॅक्सी किंवा केमूची (तिथल्या खासगी बसमालकांच्या संघटनेची) बस, भवाली-खैरनामार्गे. कैंची धामजवळ वाहनांची रांग लागते म्हणून पहाटे निघा. पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही आठवडे क्वारबला डोंगर खाली येतो आणि रस्ता बंद होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघणार असाल तर आदल्या दिवशी टॅक्सीवाल्या दाज्यूंना फोन करून विचारा. मोठ्या आजारपणाला अजूनही लोक हल्द्वानी गाठतात, तेव्हा आईंची औषधं दोन महिन्यांची सोबत ठेवा. संध्याकाळनंतर पायवाटांवर एकटं फिरू नका. लोक ‘बाघ’ म्हणतात तो बिबट्या असतो, आणि तो मोहल्ल्यात येतो.

घर बघायला जाल तेव्हा मालकांना तीन गोष्टी विचारा: पाण्याची टाकी किती लिटरची आणि ती फक्त तुमचीच का, जानेवारीत अंगणात घाम किती वाजता येतो आणि किती वाजता जातो, आणि गाडी थांबते तिथून दारापर्यंत पायऱ्या किती. पायऱ्या स्वतः मोजा. तिथले लोक साठ पायऱ्यांना ‘बस यहीं नीचे’ म्हणतात. बर्फाचे डोंगर खिडकीतून दिसले नाहीत तरी चालेल. सकाळी आईंना घेऊन हळूहळू ब्राइट एंड कॉर्नरपर्यंत चालत जा, तिथे बाकावर बसून सगळी रांग दिसते, आणि परत येईपर्यंत तुमच्या अंगणात ऊन आलेलं असेल.